उसनी आठवण

रक्तवाचकाच्या पडद्यावर अकरा गावांतल्या तापाच्या जोडरेषा उमटल्या होत्या. दहा ठिकाणी एक रेष वर, एक खाली, आखून दिल्यासारखी. अकराव्या ठिकाणी मात्र दोन्ही रेषा, जत्रेला निघालेल्या मैत्रिणींसारख्या, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून चालल्या होत्या.

"बोडमेट्टा," डॉ. दातीर म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे गाव बिघडलंय. औषध मिळालेली मुलं आणि औषधाऐवजी नुसतं खारं पाणी मिळालेली मुलं, दोघांत काडीचा फरक नाही. काढून टाकू या अहवालातून."

"थांबा, सर."

"वर्षभर थांबलोच आहे की, बाई. मी इथं आलो तेव्हा डोक्यावर केस होते."

डॉ. जुरी उसेंडी हसली नाही. इंद्रावतीच्या काठावरच्या या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं काम करत होती. कोसमगुडा हे तिचं गाव इथून बारा किलोमीटरवर, सागाच्या जंगलात होतं. तिच्या पाठचा भाऊ तिथंच हिवतापानं गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. आईनं त्याला मांडीवर घेतलं होतं, आणि बऱ्याच वेळानं आईच्या लक्षात आलं होतं की मांडी गार पडली आहे. त्या मांडीपासून या प्रयोगशाळेपर्यंत जुरी एका दमात चालत आली होती, असं तिला कधी कधी वाटायचं.

आज तिचं मन पडद्यावर नव्हतंच. ते खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात होतं. चार दिवसांत तिथं नऊ मुलं भरती झाली होती. दोन बेशुद्ध होती. नऊही मुलं औषध मिळालेली. तीन वर्षं ज्यांना एकदाही ताप आला नाही, आणि जुरीनं ज्यांचे फोटो परिषदेत मोठ्या अभिमानानं दाखवले, तीच ही मुलं.

"मला आकडे कळतात, रक्त कळत नाही," दातीर म्हणाले. ते संख्याशास्त्रज्ञ, मूळचे अकोला शहरातले नव्हे, अकोले गावचे. हा फरक ते प्रत्येकाला सांगत. "एकदा नीट सांग. घरी आईला सांगशील तसं."

जुरी खुर्ची ओढून बसली.

"हिवतापाचा परजीवी बहुरूपी आहे, सर. तो तांबड्या पेशीत शिरतो आणि तिला एक मुखवटा चढवतो. तो मुखवटा चिकट असतो. त्यामुळे पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मेंदूत अडकल्या की मूल बेशुद्ध पडतं. शरीर दहा-बारा दिवसांत तो मुखवटा ओळखायला शिकतं. तोवर हा दुसरा चढवतो. त्याच्या पेटाऱ्यात साठेक असतात."

"आणि आपल्या इथल्या बायका? त्यांना काही होत नाही ते?"

"त्यांनी तिशीपर्यंत जवळजवळ सगळे पाहिलेले असतात. एकेका तापाला एकेक मुखवटा. माझ्या आईला आज डास चावला तर तिचं रक्त त्याला नावानं हाक मारेल. पण ही विद्या लेकराला वारशानं मिळत नाही. दूध तुटलं की चारेक महिन्यांत पाटी कोरी. शिकता शिकता जी जगतात ती जगतात."

"म्हणून तू आयांची आठवण काढून पोरांना दिलीस."

"उसनी दिली. आयांच्या रक्तातून साठ मुखवट्यांची ओळख वाचली, ती स्मृतिरेणूंवर लिहिली आणि त्याचे थेंब केले. नाकात चार थेंब. मुलाच्या पेशी तो मजकूर वाचून प्रतिपिंडं बनवतात आणि परजीवी दारातच मरतो. उसनी आठवण तीन वर्षं टिकते. आमचा हिशेब असा होता की तेवढ्या काळात मुलाचं शरीर स्वतः शिकेल."

"आणि नाही शिकलं?"

जुरीनं पडद्यावर नऊ मुलांचं रक्त आणलं. प्रयोगशाळेतल्या मजकुरावरून बनलेल्या प्रतिपिंडाला शेपटीशी एक खूण असते. रक्तवाचकाला ती निळी दिसते. शरीरानं स्वतः कमावलेलं प्रतिपिंड पिवळं दिसतं. नऊ पट्ट्यांवर फिकट, विरत चाललेला निळा रंग होता. पिवळा कुठेही नव्हता.

"शिकवणार कोण, सर? परजीवी दारातच मरत होता. त्याचं तोंडही शरीरानं पाहिलं नाही. आम्ही तीन वर्षं मास्तरालाच शाळेत शिरू दिलं नाही, आणि आता परीक्षा आली आहे."

दातीरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग त्यांनी विचारलं, "अशी एकूण किती मुलं?"

"दहा गावांत चारशे बारा. नऊ खाली आहेत. चारशे तीन घरी." ती थांबली. "माझी भाची मैनी त्यातलीच."

भात पोटरीला आला होता. कापणीआधीचा ताप दर वर्षी याच दिवसांत जंगल उतरून येई. हातात फार तर तीन आठवडे होते.

"थेंब किती शिल्लक आहेत?"

"दोनशे दहा कुप्या. नवीन बनायला सहा महिने."

"म्हणजे निम्म्यांना पुन्हा द्यायचे. चिठ्ठ्या टाकून." दातीरांना आपलाच आवाज आवडला नाही. "बाकीच्यांना हंगामभर रोजची गोळी."

"गोळीनंही दार बंदच राहतं. पुढच्या वर्षी हीच मुलं, हीच कोरी पाटी. कधीतरी एक गोळी चुकेल आणि सगळे मुखवटे एकदम येतील. मच्छरदाणीला भोक पडतंच." तिनं पुन्हा अकरावी जोडी समोर घेतली. "म्हणून म्हणते, बोडमेट्टा काढू नका. तिथं दोन्ही रेषा खाली आहेत, सर. खारं पाणी मिळालेलीसुद्धा आजारी नाहीत. आणि हे बघा."

प्रत्येक मुलाच्या हातात ज्वरकंकण होतं. ते दिवसरात्र अंगाची ऊब मोजून पाठवत असे. दोन दिवसांहून जास्त टिकलेला ताप तेवढा आजार म्हणून धरायचा आणि बाकी गाळून टाकायचं, अशी दातीरांची गाळणी होती. जुरीनं ती काढली. बोडमेट्ट्याच्या सपाट रेषांवर बारीक लाटा उठल्या. अर्ध्या दिवसाची कणकण, सहा-सहा, सात-सात आठवड्यांनी. चौसष्टच्या चौसष्ट मुलांना.

"हा कचरा होता," दातीर पुटपुटले. "मी गाळला होता."

"कचरा सगळ्यांच्या घरी सारखाच कसा पडेल? गाडी काढा, सर."

*

बोडमेट्ट्याची आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका, पेंटीबाई वड्डे साठीची होती. जुरीच्या आईची मैत्रीण, म्हणून मावशी. ती अंगणात मोहाची वाळवून ठेवलेली फुलं पाखडत होती. गाडीतून उतरलेल्या दातीरांकडे तिनं नखशिखान्त पाहिलं.

"हे कोण गं? जावई आणलास का? जरा जुना आहे."

"मावशी! माझे साहेब आहेत ते."

"मग बसा साहेब. जावई नसलात तर खाटेवर बसता येईल. जावयाला आम्ही कामाला लावतो."

दातीर खाटेच्या कडेवर टेकले. जुरीनं सगळ्या घरांतून मुलांच्या रक्ताचा एकेक ठिपका घेतला. वाहनातला रक्तवाचक ते वाचत असताना ती मावशीपाशी येऊन बसली.

"मावशी, तीन वर्षांपूर्वी थेंब दिले होते ना, तेव्हा ज्याची कुपी त्याला दिली होतीस?"

"कागदावर काय लिहिलंय?"

"कागदावर लिहिलंय, प्रत्येक मुलाला चार थेंब दिले."

"मग दिले की. मोजून दिले. तुझ्या कागदानं एवढंच विचारलं होतं."

"मावशी."

पेंटीबाईनं सूप खाली ठेवलं. लपवण्यासारखं काही आहे असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतंच; उलट एवढी साधी गोष्ट पोरीला विचारावी लागते याचं तिला नवल वाटत होतं.

"तूच सभेत सांगितलंस ना, की चौसष्ट कुप्यांतल्या निम्म्यांत औषध आहे, निम्म्यांत पाणी, आणि कोणती कुठली ते तुलाही ठाऊक नाही? तू खरं बोललीस म्हणून आम्ही हो म्हटलं. तू गेल्यावर सगळे बसलो. नाल्यात मासे धरले की आपण काय करतो? ज्याच्या जाळ्यात गावले त्याचेच म्हणतो का? सगळे एका जागी ओततो आणि पानांवर सारखे ढीग लावतो. मग लेकरांच्या जिवाचंच वेगळं कशाला? भोपळ्याचा तुंबा उकळून घेतला, चौसष्ट कुप्या त्यात ओतल्या, हलवलं आणि प्रत्येकाला चार चार थेंब घातले. पाण्याचा वाटा सगळ्यांना, औषधाचा वाटा सगळ्यांना."

दातीर खाटेवरून उठून उभे राहिले.

"अहो बाई, तो प्रयोग होता!"

"हो ना. आमचाही."

जुरीनं तोंडावर हात धरला. तिला हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. चौसष्ट कुप्या, त्यात बत्तीस औषधाच्या. तुंब्यात मिसळून प्रत्येकाला चार थेंब म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर अर्धी मात्रा.

"आणि मावशी, पोरांना ताप?"

"येतो ना. दुपारी कुडकुडतात, दिवेलागणीला घाम फुटतो, सकाळी झाडावर. तेवढ्याला काय दवाखान्यात यायचं? आम्ही तर गाणंच केलंय." आणि पाखडता पाखडता तिनं ते म्हटलं. शब्द माडिया बोलीतले होते. दातीरांसाठी जुरीनं मराठीत सांगितले:

*ये गं हिवबाई, बैस ओसरीला,*
*लेकराचा माझ्या नको धरू हात;*
*नाव तुझं सांग, गाव तुझं सांग,*
*ओळख देऊन जा आल्या वाटेनं परत.*

वाहनातून रक्तवाचकाची बारीक घंटी वाजली. दोघं धावलेच. चौसष्ट पट्ट्या. निळा एकीवरही नाही. अर्धी उसनी आठवण केव्हाच विरून गेली होती. सगळ्या पट्ट्या पिवळ्या होत्या, कापणीला आलेल्या शेतासारख्या. काही मुलांनी वीस मुखवटे ओळखले होते, काहींनी तीस.

"दार बंद नव्हतं," जुरी म्हणाली. "किलकिलं होतं. परजीवी आत येत होता, पण घर लुटण्याएवढा नाही. त्याचं तोंड तेवढं दिसत होतं. उसन्या आठवणीनं पोराचा हात धरला आणि पोर स्वतः शिकलं."

"चौसष्ट मुलं, एक गाव, एक भोपळा," दातीर म्हणाले. "याला प्रयोग म्हणत नाहीत, जुरी. योगायोग म्हणतात."

"चौसष्टपैकी चौसष्ट, सर."

ते पुन्हा पट्ट्यांकडे वळले. ओठ हलवत त्यांनी काहीतरी गुणाकार केला, मग सोडून दिला.

"योगायोग इतका शहाण्यासारखा वागत नाही," ते शेवटी म्हणाले.

*

परतीच्या वाटेवर त्यांचं भांडण झालं. दातीर गाडी चालवत होते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक एकेक हरकत काढत होते.

"दोनशे दहा कुप्या, दोन दोन थेंब, म्हणजे चारशे वीस मुलं. पुरतात, मान्य. पण पुरतात म्हणून बरोबर ठरत नाहीत. तू पोरांना जाणूनबुजून ताप येऊ देणार आहेस."

"ताप जंगल देणार आहे. मी दिला नाही तरी देणार आहे. मी फक्त बाजूला उभी राहणार."

"एखादं मूल दगावलं तर?"

"चिठ्ठ्या टाकल्या तर निम्मी उघडी पडतात. त्यांचं काय?"

"मी चिठ्ठ्या मागे घेतल्या. आता मला विचार, माझ्या नातवाला मी असे थेंब दिले असते का."

"दिले असते का?"

गाडी नाल्यात उतरली आणि पाणी कापत पलीकडे चढली. प्रयोगशाळेत पोचल्यावर दातीरांनी स्वतः बसून नीतिसमितीला पत्र लिहिलं, आणि त्यात पहिलंच वाक्य टाकलं की ज्या दहा गावांना आपण यशस्वी म्हटलं ती फसली आहेत, आणि ज्या गावाला बिघडलेलं म्हटलं तेच खरं ठरलं आहे. गाळणी कोणी लावली होती, तेही लिहिलं. समितीनं तिसऱ्या दिवशी संमती दिली. अटी दोन होत्या. प्रत्येक घराला सगळं उघड सांगायचं. आणि कंकणानं एकोणचाळीस अंशांची रेषा ओलांडली, किंवा मूल सुस्तावलं, तर क्षणही न दवडता औषध द्यायचं.

पहिलं घर जुरीनं बहिणीचं निवडलं. तिथं सांगता आलं नाही तर बाकीच्या घरी तोंड दाखवण्यात अर्थ नव्हता.

धाकट्या बहिणीनं, राजेनं, सगळं ऐकून घेतलं. मैनी तिच्या पाठीवर लोंबकळत होती.

"म्हणजे मागच्या वेळी तू म्हणालीस, ताप येणार नाही. आता म्हणतेस, येऊ दे," राजे म्हणाली. "ताई, तू नेमकी कोणत्या बाजूची?"

"मागच्या वेळी मी चुकले."

"आणि या वेळी?"

"या वेळी मी इथं राहायला येणार आहे. कंकण बोललं की मी तुझ्याआधी मैनीपाशी असेन."

राजेनं पोरीला पाठीवरून पुढं घेतलं, मांडीवर आडवं केलं आणि तिचं डोकं मागं कलवलं. "घाल," ती म्हणाली. "पण माझ्याकडे बघून घाल."

जुरीनं बहिणीच्या डोळ्यात बघत दोन थेंब घातले. मैनी शिंकली आणि म्हणाली, "बस? एवढंच?"

दहा गावांत चारशे दोन आयांनी असाच प्रश्न विचारला, आणि जुरीनं, दातीरांनी, आशाताईंनी त्याचं असंच उत्तर दिलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. पाचव्या दिवशी एका गावातून पहिली कणकण कळली, मग एकदम अकरा, मग चाळीस. सदतीस पूर्णांक नऊ, अडतीस पूर्णांक दोन. चढायच्या आणि उतरायच्या. एका मुलाच्या तापानं एकोणचाळीसची रेषा ओलांडली. पेंटीबाई त्या गावात मदतीला गेलीच होती. तिनं त्याच क्षणी औषध दिलं आणि मूल सावरलं. पण कोसमगुड्यात, मैनीच्या हातावर, कंकण गप्पच. दहावा दिवस गेला, पंधरावा गेला. राजे खूश होती. जुरीचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं. डास मैनीला चुकवत असेल, तर उसने थेंब वाया जाणार होते. दार किलकिलं, आणि वाटेवर कोणीच नाही. आयुष्यभर ज्याला हाकललं, त्याची ती आता गाईच्या वाटेकडे बघावं तशी वाट बघत होती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मैनी खेळ अर्धा टाकून आली आणि आईच्या कुशीत शिरली.

"आई, उन्हातच थंडी वाजते."

कंकण: अडतीस पूर्णांक एक. राजे उठून उभी राहिली. "ताई, गोळी."

"थांब."

अडतीस पूर्णांक पाच. मैनीचे दात वाजायला लागले. जुरीनं तिला गोधडीत गुंडाळलं, आणि तिच्याशी सारखी बोलत राहिली. पोर उत्तर देते की नाही, एवढंच तिला हवं होतं.

"मैने, बकरीला किती पाय?"

"चार."

"कोंबडीला?"

"दोन. मावशी, तुला एवढं पण येत नाही?"

अडतीस पूर्णांक आठ. राजेनं औषधाचा डबा स्वतःच्या हातात घेतला. "एकदा भाऊ गेला," ती म्हणाली. "मी लहान होते, पण मला आठवतं. तू सांगितलंस म्हणून मी बसलेय, ताई. उशीर झाला तर मी तुला ओळखणार नाही."

"मीही मला ओळखणार नाही," जुरी म्हणाली. तिचा हात मैनीच्या मनगटावर होता, आणि तिनं तो काढला नाही.

अडतीस पूर्णांक नऊ. आकडा तिथंच अडला. ऊन उतरलं, गुरं परतली, कोणाच्या तरी घरी ताटं वाजली. आकडा आणखी थोडा वेळ अडून राहिला आणि मग एका दशांशानं खाली आला. मैनीच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब उगवला. मग कपाळ भिजलं, मान भिजली. तिनं गोधडी लाथाडली आणि पेज मागितली.

दोन आठवड्यांनी जुरीनं तिच्या बोटाचा ठिपका घेतला. पट्टीवर निळा रंग पसरला होता, आणि त्याच्या पोटात केसासारखी बारीक, पिवळी रेघ होती.

राजे तिच्या खांद्यावरून डोकावली. "ही तिची?"

"तिची स्वतःची. कोणाकडून उसनी नाही."

"मग झालं ना आता? सुटली माझी पोर?"

जुरीला खोटं सांगणं सोपं होतं. तीन वर्षांपूर्वी ते तिनं नकळत सांगितलंही होतं.

"नाही गं. हा एक मुखवटा झाला. साठातला एक. आणखी यायला हवेत."

राजेनं पट्टीकडे पाहिलं, मग अंगणात कोंबडीमागं धावणाऱ्या पोरीकडे. तिनं पदर खोचला.

"येऊ देत मग," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी हात मी धरणार. तू दुसऱ्या गावाला जा. तिथल्या बायका एकट्या असतील."